डोळ्यात मधमाशीचा काटा : काय करावं, काय करू नये, पुढे किती दिवस जपावं?

शेतमळा

नमस्कार मंडळी. आमच्या विहिरीवरच्या उंबराला दर हिवाळ्यात आग्या मोहोळ लागतं. आम्ही त्याच्या वाट्याला जात नाही. यंदा मोहोळघारीनं पोळ्यावर झडप घातली आणि खाली कांद्याला पाणी धरणारे माझे धाकटे दीर माश्यांच्या तावडीत सापडले. डोक्यावर टॉवेल घेऊन ते घराकडे पळत आले. मानेवर, कानामागे, हातांवर काटे रुतले होते, ते आम्ही नखानं भराभर खरवडून काढले. पण उजवा डोळा काही ते उघडू देईनात. पापणी सुजून टम्म, धारा लागलेल्या. कसाबसा उघडला तेव्हा बुबुळाच्या कडेला, नाकाच्या बाजूनं, मोहरीपेक्षाही बारीक काळा ठिपका दिसला आणि त्याच्याभोवती दुधाळ वलय.

तोवर वस्तीवरची माणसं जमली होती. एकानं चुन्याची डबी काढली, दुसरे म्हणाले विळा फिरवा, एका आजींनी आईचं दूध सोडायला सांगितलं. सगळे मायेपोटीच सांगत होते. पण सासूबाई मध्ये उभ्या राहिल्या. "डोळ्यात कुणी काही घालायचं नाही. गाडी काढा."

ग्रामीण रुग्णालयात आधी श्वास, नाडी, बीपी पाहिलं, इंजेक्शनं दिली, थोडा वेळ नजरेखाली ठेवलं. मग डोळ्यावर दाब न पडेल अशी प्लॅस्टिकची कडक वाटी चिकटवून जिल्ह्याच्या गावी पाठवलं. तिथे त्याच रात्री ऑपरेशन थिएटरमध्ये मायक्रोस्कोपखाली काटा काढला.

आता दुखणं थांबलंय, सूजही उतरलीय. नजर मात्र धूसरच आहे, आणि मागच्या तपासणीत डोळ्याचा दाब वाढलेला निघाला. भाऊजी म्हणतात, "दुखत नाही तर कशाला सारखं जायचं?" त्यांना काय सांगू? कुणाच्या घरात असं झालं असेल तर पुढे काय झालं ते लिहा. आणि डॉक्टर मंडळी असतील तर दुखणं थांबल्यावरही तपासण्या का लागतात, हे साध्या भाषेत समजावून सांगा.

---

मुरमाड

ताई, वाचून काळजी वाटली. लवकर बरे होवोत. आमच्याकडे गांधीलमाशी चावली की लोखंड घासतात नाहीतर चुना लावतात, आणि आराम पडतो हे मी लहानपणापासून बघतोय. डोळ्याच्या आत नाही, पण पापणीवर बाहेरून चुना लावला तर काय बिघडतं? विष आम्लधर्मी, चुना अल्कधर्मी, म्हणजे मारा बसतो असं ऐकलंय.

---

डोळस

शेतमळाताई, मी नेत्रतज्ज्ञ आहे. तुमच्या प्रश्नाकडे येतोच, पण आधी मुरमाड यांना उत्तर देतो, कारण ते जास्त तातडीचं आहे.

चुना पापणीवरही नको. सुजलेल्या डोळ्यातून सतत पाणी वाहत असतं, माणूस नकळत हात लावतो आणि चुना आत जातो. चुना हा तीव्र अल्क आहे. आम्ल डोळ्याच्या वरच्या थरातली प्रथिनं गोठवतं, त्यामुळे बऱ्याचदा ते तिथेच अडतं. अल्क पेशी विरघळवत आत आत उतरत जातं. चुन्याची पुडी फुटून डोळ्यात गेलेली मुलं आम्ही बघतो. त्यातल्या काहींच्या डोळ्यात आयुष्यभराचं फूल पडतं. माशीच्या डंखातून कदाचित वाचला असता असा डोळा चुन्यानं जाऊ शकतो. राहिली गोष्ट माऱ्याची. डंखाचं विष कातडीच्या खाली सोडलेलं असतं आणि चुना कातडीच्या वर बसतो, त्यांची गाठच पडत नाही. शिवाय विषातला मुख्य त्रासदायक घटक मेलिटिन, तो आम्ल नाही. सुकवलेल्या विषात जवळपास निम्मा भाग त्याचाच असतो आणि पेशींची आवरणं फोडणं हे त्याचं काम. लोखंड घासून आराम पडतो तो धातूच्या गारव्यामुळे. तो गारवा स्वच्छ फडक्यात गुंडाळलेल्या बर्फानं मिळतो. तोही मिटलेल्या पापणीवर हलकेच ठेवायचा, दाबायचा नाही. आणि काटा बुबुळात असेल तर तेवढाही दाब नको.

चुना आधीच डोळ्यात गेला असेल तर डॉक्टर शोधत बसू नका. नळाच्या नाहीतर तांब्याच्या स्वच्छ पाण्याच्या धारेखाली निदान अर्धा तास डोळा धुवा, पापण्या उलटून चुन्याचे कण निघतील ते काढा, आणि मग निघा.

---

डोळस

आता मूळ प्रश्न.

पापणीवरचा डंख आणि बुबुळावरचा डंख ही दोन वेगळी दुखणी आहेत. पापणीची कातडी पातळ आणि सैल, त्यामुळे सूज भयंकर दिसते. पण आत काटा घासत नसेल, नजर स्वच्छ असेल, तर दोन-चार दिवसांत ती उतरते. बुबुळावरच्या पारदर्शक काचेला आम्ही पारपटल म्हणतो. त्यात काटा रुतला की बाहेरून सूज कमी दिसली तरी आतला मामला गंभीर असतो.

पारपटल जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असतं. मधमाशीच्या काट्याला उलटे दाते असतात, तो मागे येत नाही, पापणीच्या प्रत्येक उघडझापीबरोबर पुढे सरकू शकतो. काट्याला विषाची पिशवी लागलेली असते आणि माशी उडून गेल्यावरही ती आकुंचन पावत राहते. पिशवीतलं ९० टक्के विष पहिल्या २० सेकंदांतच आत गेलेलं असतं. म्हणून कातडीवरचा काटा ताबडतोब काढायचा. चिमटीत धरला की नखानं खरवडला यानं फरक पडत नाही, किती लवकर काढला यानं पडतो. ताईंनी मानेवरचे काटे नखानं काढले ते अगदी योग्य केलं. पण हाच नियम बुबुळाला लावायचा नाही. तिथे चिमटा, रुमालाचं टोक, कापसाची काडी काहीही नको. काटा मोडतो, अर्धा आत राहतो, आणि मग तो काढणं फार अवघड होऊन बसतं.

पारपटलाच्या आतल्या बाजूला पेशींचा एकच एक थर असतो. पारपटलात शिरणारं पाणी सतत बाहेर काढत राहणं हे त्याचं काम, त्यामुळेच काच पारदर्शक राहते. मोठ्या माणसात दर चौरस मिलिमीटरला साधारण २५०० ते ३००० अशा पेशी असतात. माणसात त्या पुन्हा तयार होत नाहीत. मेलिटिन नेमक्या त्यांनाच मारतं. उरलेल्या पेशी पसरून जागा भरतात, पण संख्या ५०० च्या आसपास उतरली की काच पाण्यानं फुगते आणि धूसर होते. भाऊजींना आत्ता धूसर दिसतंय त्यामागे काट्याभोवतीचा व्रण आणि ही सूज, दोन्ही असू शकतं. सूज ओसरली की नजर सुधारते. त्याला काही आठवडे जातात, कधी महिनेही. पेशी किती उरल्यात हे मोजायचं यंत्र असतं, त्याचा फोटो काढून घ्यायला सांगा.

दाब. डोळ्याचा दाब साधारण १० ते २१ मिलिमीटर पाऱ्याच्या दरम्यान असतो. तो तीन कारणांनी वाढू शकतो : आतली दाहाची सूज, पाणी निचरा होण्याच्या जागेला विषानं झालेली इजा, आणि आपणच दिलेले स्टिरॉइडचे थेंब. तिन्ही बाबतीत डोळा दुखेलच असं नाही. दाब वाढला म्हणजे लगेच काचबिंदू झाला असं नव्हे, पण तो वाढलेलाच राहिला तर मागची नस झिजते, आणि नस झिजली की गेलेली नजर परत येत नाही. भाऊजींना हे असंच्या असं वाचून दाखवा.

---

सातेरी

आमचं घर महाबळेश्वर भागात, दोन पिढ्या मधपाळ. सातेरी जातीच्या मधमाश्यांच्या पेट्या आहेत. मांघर हे मधाचं गाव म्हणून २०२२ साली जाहीर झालं, त्याच पट्ट्यातला मी.

मधपाळाच्या बाजूनं थोडं लिहितो. माशी चिडली की तोंडाकडेच येते. हलणारं, काळं आणि जिथून श्वास बाहेर पडतो ते तिला आधी दिसतं, म्हणजे डोळे, भुवया, नाक. एक माशी डसली की डंखाच्या जागी वास सुटतो, पिकलेल्या केळ्यासारखा. तो वास बाकीच्या माश्यांना बोलावतो. म्हणून डंख बसल्यावर तिथेच उभं राहून काटे काढत बसायचं नाही. पळता पळता हात फिरवायचा, आणि आडोशाला गेल्यावर बाकीचे काढायचे.

पेटी उघडताना जाळी घालतात सगळेच, पण बऱ्याच जणांची जाळी नाकाला नि भुवईला चिकटते. चिकटलेल्या जागी माशी जाळीतून आरामात डसते. जाळी टोपीच्या कडेवरून सुटी लोंबायला हवी आणि खालची कड सदऱ्याच्या आत खोचलेली. आग्या माशी तर वेगळीच. सातेरी पेटीपासून थोडं लांब गेलं की नाद सोडते, आग्या खूप अंतर पाठलाग करते. विहिरीत उडी मारू नका. ती वर घिरट्या घालत थांबते आणि श्वास घ्यायला डोकं वर काढलं की पुन्हा तोंडालाच डसते.

ताई, उंबरावरचं मोहोळ जाळू नका ही विनंती. पाऊस तोंडावर आला की ते आपोआप उठून जातं. तोवर त्या बाजूचं पाणी धरायचं काम अंधार पडल्यावर करा, आणि बॅटरीचा उजेड पोळ्यावर पडू देऊ नका.

---

शेतमळा

डॉक्टर, सातेरी दादा, दोघांचे मनापासून आभार. डॉक्टरांचा प्रतिसाद भाऊजींना वाचून दाखवला. पेशी पुन्हा तयार होत नाहीत हे ऐकून ते गप्प झाले, उद्या तपासणीला निघतोय.

सासूबाईंना विचारलं, तुम्हाला त्या वेळी एवढं ठाम कसं राहता आलं. म्हणाल्या, "माझ्या मावशीचा डोळा असाच काहीबाही घालून गेला होता."

---

कडेकपारी

ट्रेकर आहे, म्हणून एक भर. शिवनेरीवर आणि अजिंठ्याला पर्यटकांवर आग्या माश्यांनी हल्ले केल्याच्या बातम्या आपण वाचतो. किल्ल्यांवर बहुतेक वेळा सुरुवात होते ती धुरानं, फटाक्यानं, दगड मारण्यानं, नाहीतर मोठ्या आवाजातल्या स्पीकरनं. आमच्या ग्रुपमध्ये आता प्रत्येकाच्या सॅकमध्ये डोक्यावरून घ्यायची बारीक जाळी असते. वजन काहीच नाही. कड्यावर डोळे झाकून पळता येत नाही, समोरचं दिसायला हवं, तिथे ही जाळी जीव वाचवते.

कॉन्टॅक्ट लेन्स घालणाऱ्यांनी पापणीवर डंख बसला की लेन्स आधी काढावी. नंतर पापणी इतकी सुजते की लेन्स निघता निघत नाही. आमच्यातल्या एकीला हा त्रास झाला होता. पण बुबुळातच टोचतंय असं वाटत असेल तर स्वतः हात घालू नये, असं तिच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं.

---

आईची_वही

माझा अनुभव माशीचा नाही, सुरवंटाचा आहे, पण डोळ्याचाच म्हणून लिहिते. पावसाळ्यात आमच्या परसातल्या शेवग्यावर केसाळ सुरवंटांचे थर बसतात. लेकानं काठीनं ते पाडले आणि त्याच हातानं डोळा चोळला. नंतर डोळा लाल, सारखं काहीतरी खुपतंय म्हणून रडायचा. घराजवळच्या दवाखान्यात डोळे आलेत म्हणून थेंब दिले. उतार पडेना, तेव्हा नेत्रतज्ज्ञाकडे नेलं. त्यांनी वरची पापणी दोनदा उलटली आणि मला मॉनिटरवर दाखवलं : पापणीच्या आतल्या गुलाबी भागात सोनेरी-तपकिरी केस उभे रुतलेले, आणि बुबुळावर वरून खाली बारीक ओरखडे. दर वेळी पापणी मिटली की ते केस काचेवर घासत होते. एकेक करून काढले, पुन्हा बोलावून राहिलेले काढले. आता ठीक आहे. पण डॉक्टर अजूनही अधूनमधून बोलावतात. का, ते मला नीट कळलेलं नाही.

---

डोळस

ताई, बोलावतात ते बरोबर आहे. सुरवंटाच्या केसांवर सूक्ष्म काटे एकाच दिशेला असतात. त्यामुळे डोळ्याच्या हालचालीनं केस फक्त पुढे सरकतो, मागे येत नाही. राहून गेलेला एखादा केस काही महिन्यांनी बुबुळाच्या आत, क्वचित पार मागच्या पडद्यापर्यंत पोहोचलेला सापडतो. मुलाचा डोळा पुन्हा लाल झाला, उजेड सहन होईना किंवा समोर ठिपके तरंगताना दिसायला लागले, तर तारखेची वाट बघू नका. सुरवंट हाताळल्यावर हात धुण्याआधी चिकटपट्टी कातडीवर लावून ओढली तर बरेच केस निघून येतात.

---

मोंबासा_रोड

मी कामानिमित्त केनियात आहे. इथे 'नैरोबी फ्लाय' नावाचा किडा आहे. नावात फ्लाय असली तरी तो भुंगेरा आहे, मुंगीएवढा लांबट, नारिंगी आणि काळ्या पट्ट्यांचा. तो ना चावतो ना डसतो. अंगावर चिरडला की त्याच्या शरीरातलं पेडेरिन नावाचं रसायन कातडीला लागतं आणि दुसऱ्या दिवशी भाजल्यासारखे फोड येतात. तोच हात डोळ्याला लागला की पापण्या सुजतात, डोळा लाल होतो. १९९७-९८ च्या एल निन्योच्या पावसानंतर इथे त्याचा मोठा उपद्रव झाला होता, जुनी माणसं अजून सांगतात.

भारतातही याची भावंडं आहेत. २०२२ च्या जुलैत सिक्कीममध्ये एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या शंभरेक विद्यार्थ्यांना हा त्रास झाला होता. पावसाळ्यात दिव्याखाली असा किडा अंगावर बसला तर मारू नका, फुंकर घालून उडवा आणि जागा साबणानं धुवा. इथे लहान मुलांनाही हेच शिकवतात.

---

मुरमाड

डॉक्टर, चुन्याचं पटलं. घरी सगळ्यांना वाचून दाखवलं. अजून एक शंका. आमच्या गावातून नेत्रतज्ज्ञाकडे जायला दोन तास लागतात. मेडिकलवाला स्टिरॉइड आणि अँटिबायोटिक एकत्र असलेले थेंब देतो, आराम पडतो. जाईपर्यंत ते घातले तर?

---

डोळस

घालू नका. स्टिरॉइड हे या दुखण्यातलं महत्त्वाचं औषध आहेच. दाह तेच आवरतं, आणि आम्ही ते भरपूर वापरतो. पण ते सुरू करण्याआधी स्लिट लॅम्पखाली, म्हणजे डोळे तपासायच्या दिव्याच्या मायक्रोस्कोपखाली, बघावं लागतं की जखमेत बुरशी किंवा जंतू शिरलेत का. शेतातल्या माणसाच्या डोळ्यात बुरशीची शक्यता नेहमी धरावी लागते. तिथे स्टिरॉइड पडलं की दुखणं दोन दिवस शांत होतं आणि बुरशी आत पसरते. माणूस खूश असतो आणि डोळा जात असतो. घरात उरलेली जुनी बाटलीही वापरू नका.

दोन तासांत करायचं ते इतकंच. डोळा चोळायचा नाही, बांधायचा नाही. स्वच्छ पाण्यानं हलकेच धुतला तर चालेल. त्यावर टेकणार नाही अशी काहीतरी वाटी, नाहीतर कागदी कपाचा तळ चिकटवायचा. दुखण्यावर पॅरासिटामॉल घ्यायला हरकत नाही. काटा काढायला रात्री भूल द्यावी लागू शकते, म्हणून शेवटचं कधी खाल्लं ते लक्षात ठेवून सांगा.

नेत्रतज्ज्ञ काय करतो हेही सांगतो, म्हणजे घरचे घाबरत नाहीत. केशरी रंगाची पट्टी डोळ्याला लावून निळ्या उजेडात बघतात, जखम हिरवी चमकते. काटा वरवर असेल तर स्लिट लॅम्पवरच भुलीचे थेंब घालून काढतात, खोल असेल तर थिएटरमध्ये, गरज पडली तर टाका घालून. अँटिबायोटिक थेंब, दाहासाठी स्टिरॉइड, आणि बाहुली मोठी करणारं ॲट्रोपिन किंवा होमॅट्रोपिन. या शेवटच्या थेंबानं जवळचं दिसत नाही आणि उजेड सहन होत नाही, त्यामुळे नातेवाईक हमखास घाबरतात. तो देतात तो बुबुळ मागच्या भिंगाला चिकटू नये आणि आतली कळ थांबावी म्हणून. दाबासाठी टिमोलॉलसारखे थेंब. दमेकऱ्यानं टिमोलॉल घेण्याआधी दम्याचं सांगितलंच पाहिजे. खूप खोल गेलेला, विष संपलेला, शांत पडलेला काटा कधीकधी तसाच ठेवून नुसतं लक्ष ठेवतात, कारण तो काढताना जास्त नुकसान होईल. हा निर्णय डोळा बघूनच होतो.

आणि हे सगळं डोळ्याचं झालं. डंखानंतर अंगभर गांधी उठणं, आवाज घोगरा होणं, धाप लागणं, चक्कर, उलटी यातलं काही दिसलं तर डोळा बाजूला ठेवा. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या किंवा १०८ ला फोन करा. तिथे मांडीत ॲड्रेनलिनचं इंजेक्शन सगळ्यात आधी मिळायला हवं. खूप माश्या डसल्या असतील आणि लघवी गडद तपकिरी होत असेल तर मूत्रपिंडाची तपासणी लागते, भले माणूस चालता-बोलता असो.

---

सातेरी

ॲड्रेनलिनबद्दल डॉक्टरांशी शंभर टक्के सहमत. आमच्यातल्या एका जुन्या मधपाळाला वर्षानुवर्षे डंख खाऊन काही होत नव्हतं, आणि एके दिवशी एका डंखात धाप लागली. सवय आहे म्हणून निर्धास्त राहू नये.

---

बांधावरून

शेतमळाताई, एक कामाची गोष्ट. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत अपघातानं एक डोळा निकामी झाला तर १ लाख, दोन्ही झाले तर २ लाख मिळतात. तशी वेळ न येवो. पण केस पेपर, रेफर केल्याची चिठ्ठी, ऑपरेशनचे कागद जपून ठेवा आणि डंख माशीचा असल्याचं पहिल्याच केस पेपरवर लिहिलेलं आहे ना बघा. चौकशी तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे करायची.

---

शेतमळा

बांधावरून दादा, हे माहीतच नव्हतं. पहिल्या पेपरवर 'मधमाशी दंश' लिहिलेलं आहे, बघून घेतलं.

तपासणी झाली. दाब औषधानं खाली आलाय, थेंब चालूच ठेवायला सांगितलेत. पेशींचा फोटो काढला, दुसऱ्या डोळ्यापेक्षा कमी आहेत, पण काच साफ राहील इतक्या आहेत असं म्हणाले. तक्त्यावरच्या वरच्या ओळी आता त्या डोळ्यानं वाचता येतात, खालच्या नाही. भिंगात एका बाजूला बारीक डाग दिसतोय, त्याचा मोतीबिंदू होतो का यावर लक्ष ठेवणार आहेत. डॉक्टर, हा डाग वाढतोच का?

---

डोळस

वाढतोच असं नाही. काही डाग वर्षानुवर्षे आहेत तिथेच राहतात, काही महिन्यांत पसरतात, म्हणून तारखा चुकवू नका. वाढला तर मोतीबिंदूची शस्त्रक्रिया करता येते. मात्र ती करणाऱ्याला डंखाचा इतिहास आणि पेशींचा आकडा आधी सांगा. भिंगाला धरून ठेवणारे धागे विषानं सैल झालेले असू शकतात आणि शस्त्रक्रियेत थोड्या पेशी आणखी जातात, दोन्हीची तयारी आधीच ठेवावी लागते. मध्येच रंग फिके दिसायला लागले किंवा डोळा फिरवताना मागे दुखलं तर त्याच दिवशी दाखवा, ती नसेची सूज असू शकते. पेशींच्या फोटोची एक प्रत फाइलला लावून ठेवा, दर वेळी तिच्याशी ताडून बघता येईल.